अडीच किलोच्या धाग्यावर रावस

माझ्याकडे मासे धरायची जी काठी आहे, ती ट्राउटसाठी केलेली आहे. ट्राउट हा डोंगरातल्या थंड नदीतला मासा. बोईसरमध्ये तो कुणी पाहिलेला असण्याचा संभव नाही. काठी आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त साहेबांची. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी हिमाचलात धरणाच्या कामावर काढली होती आणि सुट्टीच्या दिवशी ते तिथल्या नदीत गुडघाभर पाण्यात उभे राहून पिसांचा खोटा किडा टाकत आणि ट्राउट धरत. पुढे त्यांचे गुडघे गेले. मग त्यांनी काठी, रीळ आणि गळांची डबी मला दिली. काठी नऊ फुटांची आणि वजन पंच्याऐंशी ग्रॅम. मी घरच्या काट्यावर दोनदा मोजलं.

पिसांच्या किड्याला वजन नसतं, म्हणून तो दगडासारखा फेकता येत नाही. जाड दोरीच हवेत पुढेमागे झुलवायची आणि किडा तिच्यामागून जातो. या जाड दोरीच्या टोकाला वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर मावेल एवढा, बारीक नायलॉनचा धागा असतो, म्हणजे माशाला दोरी दिसत नाही. माझा धागा अडीच किलोचा. म्हणजे अडीच किलोचा ताण आला की तो तुटतो. पाकिटावर तसं छापलेलं असलं तरी मी बादली टांगून, मगाने पाणी ओतत ओतत तपासलं. धागा बरोबर निघाला, पण गाठ मारली की त्याचे दोन किलो शंभर ग्रॅमच उरत होते. त्याच्या एक तृतीयांश, सातशे ग्रॅमवर मी रिळाचा ब्रेक लावला. मासा त्याहून जोरात ओढायला लागला की रीळ आपोआप दोरी सोडतं. मोठा मासा बारीक धाग्यावर धरायचा तो असा. तो पळाला की जाऊ द्यायचं, थांबला की गोळा करायचं, आणि दोरी एक क्षणही सैल पडू द्यायची नाही. घाई केली की धागा तुटतो आणि ढिलाई केली की गळ निसटतो.

हे शिकायला मला एक पावसाळा लागला. रोज संध्याकाळी सोसायटीच्या मैदानात मी दोरी झुलवायचो. साहेब खुर्चीवर बसून "मनगट नको, कोपर" म्हणायचे. वॉचमन बिहारकडचा. तो पहिल्या दिवशी बराच वेळ आभाळाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "साहब, पतंग किधर है?"

मी एका रसायनांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. मूळचे आम्ही माणच्या दुष्काळी भागातले. कारखान्यात लागून मला चोवीस वर्षं झाली. प्रयोगशाळेला खिडक्या आहेत, पण त्या उघडत नाहीत, तापमान कायम ठेवावं लागतं. माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही आणि शिफ्ट संपल्याशिवाय मीही जात नाही. तक्रार म्हणून हे सांगत नाही. या नोकरीवर घर झालं, मुलीचं शिक्षण झालं. पण रविवारी सकाळी नवापूरच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर काहीच अडवणारं नसतं, आणि आठवड्यातून तेवढे तीन-चार तास मला लागायला लागले होते.

नवापूरच्या पुढे किनाऱ्यापासून साधारण ऐंशी पावलांवर एक खडप आहे. खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा काळा खडक. त्याच्या पलीकडे एकदम खोल पाणी, आणि भरती चढायला लागली की मासे त्या कडेने येतात. खडप आणि किनारा यांच्यामध्ये एक सखल पट्टा आहे. ओहोटीला तिथे ओली वाळू असते, भरतीला त्याची नाळ, म्हणजे पाण्याची वाट होते. मला पोहता येत नाही. त्यामुळे खडपावर चढण्याआधी त्या नाळेचा अभ्यास करणं भाग होतं.

भरतीची वेळ काढायची सोपी रीत इथे सगळ्यांना माहीत आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. मी दोन वेळा जाऊन नुसता किनाऱ्यावर बसलो, काठी न घेता. दर पंधरा मिनिटांनी नाळेत एक बांबू उभा करून पाणी मोजलं. दोन्ही दिवशी ओहोटीनंतर तीन तासांनी नाळेत गुडघाभर पाणी झालं, आणि गुडघ्यापासून छातीपर्यंत यायला त्याला आणखी दीड तास लागला. खडपाचा माथा दोन्ही दिवशी कोरडा राहिला. यावरून मी नियम केला. नाळेत पाणी गुडघ्याला आलं की आपल्या हातात दीड तास आहे, त्यातला अर्धा तास सुरक्षिततेसाठी सोडायचा.

नियमात चूक होती. दोन्ही वेळा मी गेलो ते दिवस एक वद्य अष्टमीचा आणि दुसरा शुद्ध अष्टमीचा होता, कारण त्याच दोन रविवारी मला सुट्टी जुळली. अष्टमीला भांगाची भरती असते, सर्वांत लहान. कारखान्यात कुणी एकाच पिंपातले दोन नमुने घेऊन सगळा माल पास केला असता, तर मी त्याला जाब विचारायला उभं केलं असतं.

त्या रविवारी तृतीया होती, पौर्णिमेनंतरची. तिनाचे पाऊणपट सव्वादोन. ओहोटी सव्वाआठला. बायकोला सुके बोंबील आणि जवळा घ्यायचा होता, म्हणून तीही स्कूटरवर मागे बसून आली. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले होते, आणि तिथे एक ओळखीची बाई असते, तिच्याकडूनच आम्ही घेतो. तिचा नवरा जरा वर, होडीच्या सावलीत जाळं विणत बसला होता. बाईने माझी काठी पाहिली.

"दादा, या काडीनं मासा काडणार?"

"बघू या."

"बोंबील तरी येल का?" मग बायकोला म्हणाली, "बाय, तू चार बोंबील जास्तच ने. घरी कालवन तर पायजे."

बायको हसली आणि तिच्याजवळ बसली. मी वाळूवरून चालत खडपावर गेलो.

दहा वाजेपर्यंत काही नाही. मग एक छोटा मासा लागला तो सोडला. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी किडा खडपाच्या उजव्या कडेने टाकला. पांढऱ्या कोंबड्याचं पीस आणि बायकोच्या जुन्या साडीतली जर, असा तो मीच बांधलेला होता. दोन वेळा दोरी ओढली आणि तिसऱ्या वेळी ती थांबली. मला वाटलं खडकात अडकली. मग तो खडक चालायला लागला.

पहिल्या धावेत त्याने साधारण साठ मीटर दोरी नेली. जाड दोरी संपली, तिच्या मागची बारीक दोरीही अर्ध्याच्या पुढे गेली, आणि रिळाचा आवाज शिवणयंत्रासारखा सलग चालू होता. तो दूरवर एकदा पाण्याबाहेर पाठ दाखवून गेला तेव्हा चांदीचा रंग दिसला. रावस. किती मोठा ते तेव्हा सांगता आलं नसतं, पण अडीच किलोहून पुष्कळ मोठा.

तिथून माझे हात, मान आणि नजर माझ्या ताब्यात राहिले नाहीत. काठी खाली ठेवता येत नाही. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसता येत नाही. मासा डावीकडे गेला की काठी उजवीकडे आडवी करायची, उजवीकडे गेला की डावीकडे, म्हणजे त्याला सरळ रेषेत बळ लावता येत नाही आणि तो दमतो. मी दहा मीटर गोळा करायचो, तो पंधरा न्यायचा. दोरी माझ्याकडून त्याच्याकडे जात होती की त्याच्याकडून माझ्याकडे येत होती, हे थोड्या वेळाने कळेनासं झालं. मी त्याला धरलं होतं तेवढंच त्यानेही मला त्या चार हात खडकावर धरलं होतं.

अकरा वीसला बायकोने हाक मारली.

"अहो!"

मला ती ऐकू आली. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे होता, म्हणजे तिची हाक वाऱ्याविरुद्ध येत होती, तरी आली. मनगटावरच्या घड्याळाकडे माझी नजर गेली म्हणून वेळ नक्की सांगता येते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला नाळेत पाणी दिसलं, गुडघाभर असावं. हिशेबाप्रमाणे दीड तास होता. मी वळलो नाही. हात वर करायला हात मोकळा नव्हता हे खरं, पण मान हलवता आली असती. वळलो तर ती ये म्हणेल, आणि ऐकूच आलं नाही तर तिला तसं म्हणता येणार नाही, असं काहीसं मनात आलं. हे वाक्य मी आज लिहितो आहे. तेव्हा ते एवढं स्पष्ट नव्हतं, पण होतं.

तिने आणखी दोन वेळा हाक मारली. दुसरी पहिलीपेक्षा मोठी होती. मासा तेव्हा तिसऱ्या धावेवर होता.

मग बाईचा आवाज आला, आणि तो आवाज न ऐकल्यासारखं करणं शक्य नव्हतं.

"वो दादा! म्होरं काय बगता? पानी पाठीमागं आलंय, पाठीमागं!"

मी वळलो तेव्हा अकरा एक्केचाळीस झाले होते. नाळेत वाळू नव्हती. पाणी दोन्ही टोकांकडून आत शिरून मधे एकमेकांवर आपटत होतं. मांडवांच्या पुढच्या बांबूंपाशी फेस पोचला होता. बायको पाण्याच्या कडेला उभी होती, साडी पोटऱ्यांपर्यंत भिजलेली, पिशवी अजून हातातच. ती दोन पावलं पुढे यायची आणि मागे व्हायची. तिलाही पोहता येत नाही.

कमरेएवढं तरी असेल, असा मी अंदाज केला. आणि पाणी चढत कसं होतं ते मी दोन मिनिटं पाहिलं. खडपावरचा एक शिंपला तेवढ्यात पाण्याखाली गेला. तेव्हा मला अष्टमी आठवली. उधाणाच्या दिवसांत तेवढ्याच सहा तासांत अडीचपट पाणी चढायचं असतं. दीड तास नव्हताच, पस्तीस मिनिटं होती, आणि त्यातली बहुतेक गेली होती. शिवाय आजच्या भरतीत खडपाचा माथा राहणार नव्हता.

साधी गोष्ट होती. काठी टाकायची आणि निघायचं. मी काठी टाकली नाही. पाणी कमरेपर्यंत, प्रवाह जोराचा, दोन्ही हात मोकळे हवेत, हे सगळं मला कळत होतं. माशाला सोडायचं म्हटलं तर धागा तोडला की पुरे होतं, हाताला एक वेढा देऊन झटका दिला की झालं. मी वेढा देण्यासाठी हात पुढे नेला आणि मासा थांबला, म्हणून मी परत दोरी गोळा करायला लागलो. हे दोनदा झालं. आपण ठरवतो एक आणि बोटं करतात दुसरं, असं माझं आयुष्यात पूर्वी कधी झालेलं मला आठवत नाही.

बाईचा नवरा दोराचं एक टोक तिच्या हातात देऊन बाकीचा दोर खांद्यावर टाकून पाण्यात उतरला. नाळेच्या मध्यावर त्याच्या छातीला पाणी लागलं. तो प्रवाहाच्या वरच्या अंगाने तिरका चालत आला आणि खडपाला हात लावून उभा राहिला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काठीकडे.

"पवता येतं?"

"नाही."

"मंग खडपावर कशाला चडले?"

मी रिळावर आणखी दोन वेढे गोळा केले.

"भांगाला आलते काय या आदी?"

"दोनदा."

"तेच. आज उदान हाय." त्याने दोराचं टोक माझ्या कमरेला दोन वेढे देऊन बांधलं आणि गाठ ओढून पाहिली. "उतरा आता."

"मासा आहे."

"दिसतोय मला. मोटा हाय." तो क्षणभर दोरीच्या दिशेने बघत राहिला. "कदीपासून धरलाय?"

"बेचाळीस मिनिटं."

"बेचाळीस मिंटं तुमी इथं उबं राहून त्याला पान्याच्या उलट ओडताय. पानी कुटं चाललंय? किनाऱ्याला. तुमी किनाऱ्याला चला, तोपन येल. तुमीच आडवे उबे हाय त्याला."

हे ऐकून मला खडपावरून पडल्यासारखं झालं. बेचाळीस मिनिटं मी भरतीचा सगळा जोर माशाच्या बाजूने मोजला होता. तो खडपाच्या बाजूने आत सरकायला लागला की मी त्याला परत बाहेर, माझ्यासमोर आणत होतो, कारण साहेबांनी शिकवलं होतं की मासा नेहमी समोर ठेवावा. नदीत ते बरोबर असेल. नदी दर सहा तासांनी उलटी वाहत नाही.

मी उतरलो. पाणी बरगड्यांपर्यंत आलं आणि पाय वाळूवर टिकेनात. तो पुढे, माझ्या कमरेला त्याचा दोर, काठी मी दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली. किनाऱ्यावर बाईने दोराचं दुसरं टोक धरलं होतं, आणि तिच्या मागे माझ्या बायकोने. दोघी ओढत होत्या. बाई ओरडली, "बाय, ओड! एका दोराला दोन रावस हायत, एक कामाचा आन् एक बिनकामाचा!"

बायको हसली नाही.

मधे एकदा मी पूर्ण खाली गेलो. नाकातोंडात पाणी गेलं, आणि कमरेवर दोर इतका जोरात आवळला की पुढे आठवडाभर तिथे वळ होता. वर आलो तेव्हा काठी हातातच होती. ती मी मुद्दाम धरून ठेवली असं म्हणता येणार नाही. मूठ उघडली नव्हती एवढंच. पाण्याने आम्हाला तिरकं नेऊन मांडवांच्या जरा पुढे वाळूवर टाकलं.

मासा खडपाला वळसा घालून नाळेच्या तोंडाने आमच्यामागे आत आला. त्याला आता बळ राहिलं नव्हतं. मी वाळूवरून मागे मागे चालत गेलो आणि प्रत्येक लाटेबरोबर तो थोडा जवळ आला. शेवटच्या लाटेने त्याला उथळ पाण्यात कुशीवर झोपवलं. बाईच्या नवऱ्याने कल्ल्याला धरून उचलला. बारा वाजून सोळा मिनिटं झाली होती. धागा हाताने चाचपला, तो गाठीपाशी पिंजून अर्धा राहिला होता.

मी आधी ठरवलं होतं की मोठा मासा लागलाच तर सोडायचा. साहेब सोडत असत. मी त्याला दोन्ही हातांनी पाण्यात सरळ धरलं आणि पुढेमागे हलवलं, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जाईल. हात काढला की तो कुशीवर पडत होता. गळ्याखालचे त्याचे केसांसारखे लांब तंतू माझ्या बोटांना चिकटत होते. सात-आठ मिनिटं मी ते करत राहिलो.

बाई जवळ येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्याला काय न्हाऊ घालता? मेला तो. एवडा दमवल्यावर कोन जगतंय?"

तिच्या काट्यावर तो पाच किलो चारशे भरला. अर्धा मी त्या दोघांना देऊ केला. तिच्या नवऱ्याने मान हलवली. "आमाला रोजचाच हाय." मग मी त्याचे आभार मानायला गेलो तर तो जाळ्यापाशी जाऊन बसलाही होता, आणि म्हणाला, "तिथीबरबर भांग-उदान बगत जावा. नायतर घरी बसा."

परत येताना बायको मागे बसली होती. मासा गोणपाटात गुंडाळून पायांपाशी. बोईसरच्या अलीकडे फाटक बंद होतं, मालगाडी जात होती, म्हणून मी स्कूटर बंद केली. डबे संपेनात. तेव्हा ती म्हणाली,

"मी पहिली हाक मारली, ती ऐकू आली होती?"

वारा उलटा होता, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. तीही तसं धरून चालली असती.

"हो," मी म्हणालो.

"किती वाजले होते?"

"अकरा वीस."

"आणि तुम्ही वळलात तेव्हा?"

"अकरा एक्केचाळीस."

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. मागची रिक्षा हॉर्न वाजवायला लागली.

"एकवीस मिनिटं," ती म्हणाली. वजाबाकी तिने केली. इतक्या वर्षांत आमच्या घरात ते काम माझं आहे.

फाटक उघडलं. मी स्कूटर चालू केली. नेहमी ती माझ्या खांद्यावर हात ठेवते. त्या दिवशी तिने मागची दांडी धरली होती, हे मला वळणावर कळलं.

रावस मीच साफ केला. तिने त्याला मीठ, हळद, आगळ लावलं, तुकड्या तव्यावर टाकल्या आणि नेहमीप्रमाणे मला आधी वाढलं. चार तुकड्या. स्वतःच्या ताटात तिने वरण आणि भात घेतला. मी तिला म्हणालो, "तू पण घे ना." ती म्हणाली, "तुम्ही खा."

ताटात टाकायची आमच्या घरी पद्धत नाही. उठून जाण्यासारखं काही कारणही नव्हतं. मासा ताजा होता आणि नीट तळलेला होता. ती समोर बसून भात कालवत होती, माझ्याकडे बघत नव्हती. मी पहिली तुकडी खाल्ली आणि दुसरी घेतली.